उरलेला रस

१

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली प्रथम रंगभूमीवर आले, ते आमच्या बडोद्यात. तो प्रयोग पाहावयास नाटककार हयात नव्हते. महिनाभरापूर्वीच त्यांचे निधन झाले होते. या नाटकाची आठवण निघाली म्हणजे आपण बहुधा सिंधूच्या सोशिकतेविषयी, तळीरामाच्या कोट्यांविषयी, फार तर बालगंधर्वांच्या गायनाविषयी बोलतो. परंतु व्यसनाचा तात्त्विक विचार करू पाहणाऱ्याने या नाटकातील दुसऱ्याच एका घटनेपाशी थांबावयास हवे. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. त्याचा निश्चय खोटा नसतो. पश्चात्तापही मनापासूनचा असतो. शुद्धीवर येऊन तो पोटाचा उद्योग शोधू लागतो, प्रतिष्ठितांकडून त्याच्या वाट्याला अवहेलना येते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. यानंतरची त्याची अधोगती पहिल्या अधोगतीहून भयंकर आहे.

ही शपथ का टिकली नाही? समाजाची निष्ठुरता, हे एक उत्तर झाले. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. कारण अपमान पुष्कळांचे होतात आणि त्यांतील सगळेच काही पिऊ लागत नाहीत. सुधाकराने प्याला खाली ठेवला तेव्हा त्या रिकाम्या हाताला धरावयास दुसरे काही नव्हते, आणि शेजारी बसून ‘मीही याच वाटेने आलो आहे’ असे सांगणारे कोणी नव्हते. नाटकात मद्यप्यांचे मंडळ आहे, आर्यमदिरामंडळ. मद्यमुक्तांचे मंडळ मात्र नाही. पिणाऱ्याला संगत मिळते आणि सोडणारा एकटा पडतो, ही गोष्ट गडकऱ्यांनी कोणतेही भाष्य न करता दाखवून ठेवली आहे.

या प्रश्नाचे तत्त्वज्ञान आपल्याकडे फार जुने आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात असे म्हटले आहे की, जो विषयांचे सेवन थांबवितो त्याच्यापासून विषय दूर होतात, परंतु त्यांविषयीचा रस मागे उरतो. आणि तो रस निवृत्त होतो तो अधिक श्रेष्ठ अशा कशाचे तरी दर्शन घडल्यावर. या विधानाचा पूर्वार्ध कायद्यालाही साधतो. गुजरातेत १९६० च्या राज्यस्थापनेपासून दारूबंदी आहे. येथील वाचकांना तिच्या यशापयशाविषयी नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. कायदा फार तर विषय दूर करील. उरलेल्या रसाचे काय करावयाचे, हे त्याला सांगता येत नाही. आणि ते त्याचे कामही नव्हे. मात्र प्रश्न लहान नाही. केंद्र सरकारच्या वतीने झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात मद्य घेणारे सुमारे १६ कोटी असून, ज्यांचे पिणे अपायकारक झाले आहे किंवा जे मद्याच्या पूर्ण अधीन गेले आहेत असे ५.७ कोटींच्या वर आहेत. इतक्या माणसांच्या उरलेल्या रसाचा हा प्रश्न आहे.

त्याला अलीकडच्या काळात मिळालेल्या एका उत्तराचा विचार येथे करावयाचा आहे. ते उत्तर असे की, व्यसनातून बाहेर पडणाऱ्याने काहीतरी निर्माण करावे. लिहावे, गावे, चित्र काढावे, लाकूड कोरावे. आणि ही करमणूक न मानता साधना मानावी. हा दावा कितपत खरा आहे?

२

तो समजण्यासाठी प्रथम व्यसनमुक्तांच्या मंडळाचे स्वरूप पाहिले पाहिजे. १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन या शहरी, बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस व्यवहाराच्या कामासाठी आला होता. काम फसले. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते आणि उतरला होता त्या हॉटेलातील मद्यालय त्याला खुणावू लागले. त्या क्षणी त्याला एक विलक्षण गोष्ट सुचली. आपल्याला आवरील असा शहाणा मनुष्य न शोधता त्याने आपल्यासारखाच दुसरा मद्यपी शोधला. तो निघाला डॉक्टर बॉब स्मिथ, व्यवसायाने शस्त्रवैद्य. या दोघांच्या संभाषणातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे अनामिक मद्यप्यांचे मंडळ जन्मास आले. भारतात त्याचे कार्य १९५७ पासून सुरू आहे.

या मंडळाच्या बारा पायऱ्या प्रसिद्ध आहेत. आपण हतबल झालो आहो ही कबुली, आपल्याहून थोर अशा शक्तीवर भरवसा, स्वतःच्या दोषांची मोजदाद, ती दुसऱ्या एका माणसापाशी उघड करणे, दुखावलेल्यांची भरपाई, प्रार्थना व ध्यान, आणि अखेरीस हा निरोप इतरांपर्यंत पोहोचविणे, असा त्यांचा क्रम आहे. थोर शक्ती म्हणजे कोणती, हे ज्याचे त्याने ठरवावे. देव न मानणाऱ्यासाठीही दार उघडे राहावे म्हणून ही मोकळीक ठेवलेली आहे. जानेवारी १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी विल्सन यांना एक पत्र पाठविले. मद्याची तहान ही खालच्या पातळीवरची खरी, पण पूर्णत्वाची आध्यात्मिक तहानच होय, असा त्याचा आशय होता. लॅटिन भाषेत आत्मतत्त्व आणि मद्यार्क या दोहोंना एकच शब्द आहे, याकडेही युंग यांनी लक्ष वेधले होते. आपल्याला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. ‘रस’ हा एकच शब्द आपण जिभेच्या चवीला, काव्याच्या आस्वादाला आणि उपनिषदांच्या आधाराने परब्रह्मालाही लावतो.

या मंडळाच्या बैठकीत कोणी चित्रकला शिकवीत नाही की कविता करावयास सांगत नाही. दारू न पिणे आणि दुसऱ्याला न पिण्यास साहाय्य करणे, एवढाच तेथील हेतू. कलेचा प्रवेश होतो तो त्याभोवती वाढलेल्या उपचारकेंद्रांतून, निवासांतून आणि ग्रंथांतून. ज्यूलिया कॅमेरॉन या लेखिकेने १९७८ साली दारू सोडली आणि १९९२ मध्ये ‘द आर्टिस्ट्स वे’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. रोज सकाळी उठून हाताने तीन पाने लिहावयाची, चांगले-वाईट पाहावयाचे नाही, असा बारा आठवड्यांचा क्रम त्यात आहे, आणि सर्जन ही मूलतः आध्यात्मिक क्रिया आहे, हा त्याचा पाया आहे. बारा हा आकडा कोठून आला हे सांगावयास नको.

तथापि माझ्या मते सर्जनाचा आरंभ या पुस्तकांच्या आधीच, त्या साध्या बैठकीतच झालेला असतो. एक मनुष्य उभा राहतो, केवळ आपले पहिले नाव सांगतो आणि आपण काय होतो, काय घडले व आज कसे आहो ते सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही. संपल्यावर कोणी परीक्षण करीत नाही. ज्या आयुष्याचे तुकडे त्याला स्वतःलाही जुळविता येत नव्हते, त्याला तो आदि, मध्य आणि अंत देतो. ही रचनाच आहे. मात्र साहित्याच्या रूढ कल्पनेहून ती एका बाबतीत उलट आहे. केशवसुतांपासून आपण कवीची थोरवी त्याच्या वेगळेपणात पाहत आलो. येथे सांगणाऱ्याची कहाणी जितकी इतरांसारखी, तितकी ती उपयोगाची. ‘अगदी माझेच सांगितलेस’ हीच तेथील दाद.

३

आता पूर्वपक्ष. कोणी म्हणेल, हा तर एका नशेच्या जागी दुसरी नशा बसविण्याचा प्रकार झाला. दारूचा कैफ गेला, सुरांचा आला. दोन्हींत माणूस स्वतःला विसरतो आणि दोन्हींत संसाराचा विसर पडतो. मग एकीला व्यसन आणि दुसरीला साधना का म्हणावे?

आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. तरीही या दोन विस्मृतींत भेद आहे आणि तो कष्टाच्या ठिकाणी दिसतो. मद्य फळ आधी देते आणि कर्म मागत नाही. भित्र्याला धैर्याची, एकाकी माणसाला सख्याची, अपयशी माणसाला विजयाची जाणीव ते घोटाभरात करून देते आणि त्यासाठी त्याला काहीच करावे लागत नाही. म्हणून व्यसनाधीन मनुष्याचा कर्म आणि आनंद यांच्या संबंधावरचा विश्वासच उडून जातो. याच्या उलट लाकूड हे लाकूड असते. त्याची शीर ज्या दिशेने गेली आहे, त्या दिशेचा मान राखूनच पटाशी चालवावी लागते. सूर लागत नाही तोवर लागत नाही. तो लागल्याची कल्पना करून भागत नाही. हे बाह्य वस्तूचे आपल्या इच्छेपुढे न वाकणे अनेक वर्षे कल्पनेत जगलेल्या माणसाला फार मोठे औषध आहे. आपल्याहून निराळे असे काही सत्य आहे आणि त्याच्याशी जुळवून घेतल्यानेच आनंद मिळतो, हे तो पुस्तकातून न शिकता बोटांतून शिकतो. आध्यात्मिक साधनेचा पहिला धडा याहून वेगळा असतो काय?

परंतु एवढ्याने दावा सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. कष्ट करणारे, सुरांना शरण जाणारे किती तरी कलावंत व्यसनातच बुडाले. जॉन बेरीमन हा अमेरिकन कवी १९७० च्या सुमारास उपचारासाठी रुग्णालयांत राहिला, मद्यमुक्तांच्या मंडळात जाऊ लागला; त्या काळात त्याने ईश्वराला उद्देशून कविता लिहिल्या आणि उपचारगटातील अनुभवांवर ‘रिकव्हरी’ ही कादंबरी लिहावयास घेतली. कादंबरी अपुरी राहिली. जानेवारी १९७२ मध्ये त्याने आत्महत्या केली. पुस्तक पुढे १९७३ साली तसेच अपुरे छापले गेले. एका दुःखी माणसाच्या मृत्यूचे कारण बाहेरून सांगणे हा उद्धटपणा होईल. पण एवढे निश्चित की, प्रतिभा, श्रम आणि ईश्वराची आळवणी ही तिन्ही एकत्र असूनही ती तारतीलच असा भरवसा देता येत नाही.

याच्या शेजारी रेमंड कार्व्हर या कथाकाराचे उदाहरण ठेवावे. २ जून १९७७ रोजी, याच मंडळाच्या आधाराने, त्याने दारू सोडली. त्यानंतर काही काळ त्याच्या हातून लेखन झाले नाही, आणि त्याचे त्याला फारसे दुःखही वाटले नाही. जगणे परत मिळाले हेच त्याला पुष्कळ होते. नामवंत झाल्यावरही, आयुष्यातील दुसऱ्या कशाहीपेक्षा दारू सोडल्याचा आपल्याला अधिक अभिमान वाटतो, असे त्याने एका मुलाखतीत सांगितले. लेखन परत आले ते त्याने त्याचा हट्ट सोडल्यानंतर. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘कॅथीड्रल’ या कथेत एक आंधळा पाहुणा घरी येतो. यजमान कशावरही विश्वास नसलेला, रोज रात्री पिऊन बसणारा. त्या रात्रीही ते पितातच. कॅथीड्रल म्हणजे काय, हे आंधळ्याला शब्दांनी सांगता येईना, तेव्हा पाहुण्याच्या सूचनेवरून दोघे मिळून ते कागदावर काढू लागतात. यजमानाच्या हातावर आंधळ्याचा हात असतो. मग पाहुणा त्याला डोळे मिटावयास सांगतो आणि तो मिटल्या डोळ्यांनी चित्र काढीत राहतो. चित्र कसे झाले, हे आपल्याला कधीच कळत नाही. कळते ते इतकेच की, स्वतःत कोंडलेला तो माणूस त्या वेळेपुरता कोंडलेला राहत नाही.

४

या कथेत मला आपल्या प्रश्नाचे उत्तर दिसते, आणि ते मांडण्यासाठी लागणारी परिभाषा आपल्या साहित्यशास्त्रात तयार आहे. विश्वनाथाने चौदाव्या शतकात रसास्वादाला ‘ब्रह्मास्वादसहोदर’ म्हटले, हे सर्वांच्या तोंडी असते. सहोदर म्हणजे भाऊ. भाऊ म्हणजे तोच नव्हे, हे मात्र आपण विसरतो. त्याहून मोलाची कल्पना भट्टनायकाची आहे. काव्यनाट्यातील भाव हा नायकाचा एकट्याचा राहत नाही, नटाचा नसतो आणि प्रेक्षकाचाही खाजगी नसतो. ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ ही कुंपणे त्यातून गळून पडतात. याला त्याने साधारणीकरण म्हटले. अभिनवगुप्ताने हा विचार पुढे नेला, आणि त्यासाठी ज्याचे हृदय कवीच्या हृदयाशी जुळते असा सहृदय रसिक आवश्यक मानला.

व्यसनमुक्तांच्या मंडळात ही क्रिया अक्षरशः घडते. तेथील प्रत्येक श्रोता सहृदय असतो, कारण तो त्याच गटारातून उठून आलेला असतो. ‘माझी लाज’ म्हणून जी गोष्ट वर्षानुवर्षे छातीत दडवून ठेवली, ती सांगता सांगता ‘आपली लाज’ होते. आणि आपली झालेली लाज वाहून नेता येते. व्यसन हा ‘मी’चा अत्यंत संकुचित प्रकार आहे. माझी तलफ, माझे दुःख, माझ्यावर झालेला अन्याय यांपलीकडे त्याचे जग नसते. सर्जन साधना होते ते या ‘मी’ला सैल करते तेव्हा, त्याला सजविते तेव्हा ते दुसरे मद्य होते. कृती सुंदर झाली की नाही, हा येथे निकष नाही. करणाऱ्याची मूठ सैल झाली की नाही, हा निकष आहे. आणि मूठ सैल होण्यासाठी बहुधा दुसऱ्याचा हात लागतो. म्हणूनच अनामिकता हा या मंडळाने आपल्या सर्व परंपरांचा आध्यात्मिक पाया मानला आहे. तो नियम केवळ बदनामी टाळण्यापुरता नाही.

जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९५७ मध्ये हेरॉइनपायी त्याला माइल्स डेव्हिसच्या वाद्यवृंदातून जावे लागले आणि त्याच वर्षी त्याने ते व्यसन सोडले. आपल्याला त्या वर्षी ईश्वरी कृपेने जागृती लाभली आणि संगीताने इतरांना सुख देण्याचे साधन आपण तेव्हा मागितले, असे त्याने ‘अ लव्ह सुप्रीम’ या १९६५ च्या ध्वनिमुद्रिकेबरोबरच्या टिपणात लिहिले. तिच्या शेवटच्या भागात त्याने स्वतः रचलेली प्रार्थना वाद्यावर शब्दाशब्दाने वाजविली आहे. शब्द उच्चारलेले मात्र नाहीत. त्याने कीर्तीही मागितली नाही आणि केवळ मुक्तीही मागितली नाही. दुसऱ्याला देण्यासारखे काही आपल्यापाशी असावे, एवढेच मागितले. अ‍ॅक्रनच्या त्या हॉटेलात विल्सनला सुचले ते याहून वेगळे नव्हते.

मराठी माणसाला हे सर्व समजण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज होती काय, असे कोणी विचारील. वारकऱ्याने गळ्यात माळ घातली की मद्य वर्ज्य होते. पण संप्रदाय त्याला केवळ वर्ज्याची यादी देऊन घरी पाठवीत नाही. तो त्याच्या हातात टाळ देतो आणि त्याला दिंडीत उभा करतो. ज्याला गळा नाही त्यालाही ठेका धरता येतो, आणि ठेका चुकला तर शेजाऱ्याकडे पाहून सावरता येतो. संतांच्या अभंगांत नाममुद्रा असते हे खरे. परंतु ‘नामा’ या मुद्रेखाली एकाहून अधिक कवींनी रचना केली, म्हणजे नावही हळूहळू सामाईक झाले. गाडगेबाबा कीर्तनापूर्वी हातात खराटा घेऊन गाव झाडीत, आणि कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून दारूविषयीचे उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. श्रोता तेथे ऐकणारा न राहता कीर्तनाचा एक कर्ता होई.

आधुनिक काळात पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’मध्ये हे दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र उभे केले. गर्दच्या विळख्यावर लिहिणारे अनिल अवचट स्वतः बासरी, चित्रे, ओरिगामी, लाकडातील कोरीवकाम यांत रमणारे होते, आणि यांतील कशातही पारंगत असल्याचा आव त्यांनी आणला नाही. तेथे उपचारास आलेल्यांना ‘रुग्णमित्र’ म्हणतात. गटातील बोलणे, योग, संगीत आणि कला यांना तेथील दिनक्रमात स्थान आहे. कागदाला घडी घालण्यासाठी प्रतिभा लागत नाही. हात स्थिर असावा लागतो. दारू सुटताना ज्याचे हात कापत होते, त्याला त्या एका सरळ घडीचे मोल आपल्याहून अधिक कळत असले पाहिजे.

५

अर्थात् या विचाराला मर्यादा आहेत. दीर्घकाळ पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर जीवावर बेतू शकते. तेथे वैद्य हवा, बासरी नव्हे. सर्वांनाच काही करावेसे वाटेल असेही नाही. एखाद्याची साधना वेळेवर कामावर जाण्यात आणि पगार घरी आणून देण्यात असेल, आणि ती कोणत्याही कवितेहून कमी ठरणार नाही. घसरण होते, पुष्कळदा होते. चित्र काढणाऱ्याचीही होते. जो उपाय हे आधी सांगत नाही, तो माणसाला दुसऱ्यांदा फसवितो.

तरीही एका गोष्टीचा विचार आपण वाचकांनी, रसिकांनी करावयास हवा. कारण या प्रश्नात आपण केवळ प्रेक्षक नाही. दारू ही प्रतिभेची दासी आहे, ही समजूत मद्यप्यांनी जितकी जोपासली, तितकीच ती मैफलींनी जोपासली आहे. अमुक गायक कसा पिऊन बसे आणि तरी कसा गाई, अमुक कवीने कोणत्या अवस्थेत काय लिहिले, हे आपण कौतुकाने सांगतो. ‘कलंदर’ हा शब्द वापरतो. त्याच्या घरी चूल पेटली होती की नाही, हे विचारीत नाही. बेरीमनला दारू सोडावयास सांगणारे थोडे असतील आणि त्याच्या दारूच्या कहाण्या रंगविणारे पुष्कळ. सुधाकराच्या तोंडावर दार लावणारे प्रतिष्ठित आपल्याला नाटकात दुष्ट वाटतात. पण पिणाऱ्या कलावंताला टाळ्या देऊन त्याच जागी बसवून ठेवणारे आपण त्यांच्याहून फार निराळे आहो, असे मला वाटत नाही.

उद्या असा एखादा माणूस, दारू सोडून चार महिने झालेला, वहीत लिहिलेले काही घेऊन आपल्याकडे येईल. ते बहुधा सामान्य असेल. त्यात यमके ओढूनताणून जुळविलेली असतील. आपण त्याला मात्रा आणि वृत्त सांगत बसू नये, आणि खोटी वाहवाही करू नये. खोट्या वाहवेची चव त्याला पूर्वी पुरेशी कळलेली आहे. त्याने वाचावे, आपण ऐकावे. वाचून झाल्यावर त्याला विचारावे की, हे आणखी कोणाला वाचून दाखविलेस? आणि ‘नाही’ म्हणाला, तर ज्यांना ते कळेल अशा माणसांपर्यंत त्याच्याबरोबर चालत जावे.